मूव्हरचा ‘विमा’ की स्वतःची पॉलिसी?

भाचीचं घर पुण्याहून बंगळुरूला हलतंय. मूव्हर (घरसामान बांधून हलवणारी कंपनी) म्हणतो, सामानाच्या किमतीवर तीन टक्के द्या, विमा आमच्याकडे. तिला प्रश्न पडलाय, तो घ्यावा की स्वतःची ट्रान्झिट पॉलिसी (प्रवासातल्या सामानाचा विमा) काढावी?

कागद दोन्हीकडे तपासावेच लागतात: मूव्हरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर, गाडीचं फिटनेस आणि परमिट एमपरिवहन या सरकारी अॅपवर. तिथे दिसणारा विमा गाडीचा असतो, तुमच्या फ्रिजचा नव्हे. (तोच दाखवून मोकळे होणारेही आहेत.)

मूव्हरकडे धावपळ कमी, हे खरं. पण तीन टक्क्यांच्या बदल्यात त्याच्या लेटरहेडवरची पावतीच मिळत असेल, तर तो विमा नाही. विमा कंपनीची पॉलिसी हवी, तुमच्या नावाची, आणि तिचा नंबर थेट कंपनीकडून पडताळून घेतलेला. नाहीतर उरतो २००७चा रस्ते मालवाहतूक कायदा: जास्त जोखमीचा वाढीव दर द्यायचं आधी स्पष्ट कबूल केलं नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. मूव्हरला नुकसानीची लेखी नोटीसही बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यायची.

स्वतःच्या पॉलिसीत सामानाची किमतीसह यादी करायचा कंटाळा. शिवाय हाताळणीतली तूटफूट धरणारा ‘ए’ क्लॉज (पॉलिसीतलं कलम) मागून घ्यावा लागतो.

कपडे, पुस्तकं, भांडीच असतील तर पॉलिसीची यातायात नको. टीव्ही, वॉशिंग मशीन, काचेचं कपाट असेल तर स्वतःचीच काढा.