ऑफिसातलं पॉशचं नाटक: वर्षभराचा अनुभव, आणि त्या शेवटाबद्दल

ऑफिसात पॉश प्रशिक्षणाचं नाटक करणाऱ्या संस्थेकडून पुढच्या वर्षाचं कोटेशन आलं, त्यात प्रत्यक्ष प्रयोगाच्या जागी 'रेकॉर्डेड मॉड्यूल' टाकलेलं दिसलं, म्हणून हे आजच लिहायला घेतलं. आमची अंधेरी पूर्वेला कस्टम क्लिअरिंगची कंपनी, गोडाऊन भिवंडीला. पॉश म्हणजे कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखण्याचा कायदा, आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्या अंतर्गत समितीवर मी आहे.

आधी आम्ही स्लाइड दाखवायचो. शेवटी चाचणी, आणि तिची उत्तरं दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडे पोचलेली असायची. 2013च्या कायद्याच्या कलम 19नुसार ठरावीक काळाने प्रशिक्षण घ्यायचं असतं, ते घेतल्याची हजेरी लागायची, बस.

मग स्लाइडच्या जागी नाटक घेतलं. नाटकवाले एकांकिका स्पर्धांतून आलेले, तयारीचे नट. प्रसंग तापला की सूत्रधार 'थांबा' म्हणतो आणि बघणाऱ्यांपैकी एकाला विचारतो, तुम्ही इथे असता तर? नुसतं सांगून भागत नाही, उठून त्या पात्राच्या जागी उभं राहावं लागतं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी 1970च्या दशकात घडवलेल्या फोरम थिएटरची ही रीत.

भिवंडीचा प्रयोग मी विसरणार नाही. प्रसंग असा: रात्रीची डिस्पॅच शिफ्ट सुटलीय, साहेब एका मुलीला पुन्हा पुन्हा 'मी सोडतो ना घरी' म्हणतोय. 'थांबा' झालं आणि आमचे लोडिंगचे सुपरवायझर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते उठले. नट हटेना. "काका, तुम्ही तुमचं बघा." काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "साहेब, रात्री सुटणाऱ्या मॅडमची नोंद मला रजिस्टरला करायची असते. कॅबचा नंबर टाकतो. मॅडम, चला गेटपर्यंत." आवाज चढवला नाही, भांडण नाही. असं रजिस्टर तेव्हा आमच्याकडे नव्हतंच. पुढच्याच आठवड्यात मी ते सुरू केलं. कंपनीची कॅबही कायद्याने कामाची जागाच आहे, हे स्लाइडवर कितीदा दाखवलं होतं. लोकांना कळलं ते त्या रात्रीच्या प्रसंगातून.

आता तक्रार. पहिल्या प्रयोगांत त्रास देणारा हटकून ड्रायव्हर नाहीतर शिपाई असायचा. हे मला अजिबात पटलं नाही. सांगितल्यावर बदललं.

खरा वाद झाला तो शेवटावरून. मूळ संहितेत एचआर मॅनेजर दोघांना समोरासमोर बसवतो, साहेब हात जोडून सॉरी म्हणतो, मुलगी मान हलवते, टाळ्या. वर्षभर मी या एका गोष्टीमागे लागले होते आणि अजूनही मागे हटायला तयार नाही. समेट कलम 10खाली होऊ शकतो, पण चौकशी सुरू होण्याआधी, आणि बाईने स्वतः मागितला तरच. पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. मॅनेजरने बोलावून घडवून आणायची ती गोष्टच नाही. दोन तासांतलं बाकी सगळं बरोबर आणि शेवटची तीन मिनिटं चुकीची, तर माणसं घरी नेतात ती शेवटचीच मिनिटं. उद्या कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की तिच्या टीममधले 'सॉरी म्हणाला ना, मिटव आता' म्हणणार, आणि ते आमच्याच पैशाने शिकलेले असणार.

संहिता बदलायचे त्यांनी वेगळे पैसे मागितले, वर 18 टक्के जीएसटी. कायद्याची चूक दुरुस्त करायचे पैसे आम्ही का द्यायचे? दोन महिने ईमेल चालले. शेवटी त्यांच्या दिग्दर्शिकेने स्वतः फोन केला, कलम वाचलं आणि फुकट बदलून दिलं.

तोवर माझं मत 'कलाकार चांगले, संस्था वाईट' असं झालं होतं. नवा शेवट बघून ते बदललं. आता मुलगी लेखी तक्रार समितीला देते, समोरच्याला प्रत जाते आणि नाटक तिथेच थांबतं. टाळ्या कमी पडतात, प्रश्न मात्र धडाधड येतात. घटनेला तीन महिने उलटून गेले तर तक्रार करता येते? (समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.) चौकशी किती दिवस? (90.) ट्रेनीला तक्रार करता येते? (येते.) स्लाइडनंतर असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर समितीकडे काय आलं, ते कलम 16च्या गोपनीयतेमुळे सांगता येणार नाही आणि सांगणारही नाही. येणाऱ्या बायकांना आता दार माहीत आहे, एवढं नक्की.

म्हणून रेकॉर्डिंगला माझा साफ नकार. स्वस्त आहे, मान्य. आमच्या अकाउंट्सवाल्यांना तेच हवंय. पण व्हिडिओत काकांना उठून उभं राहता येत नाही, आणि पैसे आम्ही त्याचेच देतोय. भिवंडीचे प्रयोग प्रत्यक्ष, मराठी-हिंदीत, आणि संहिता आधी समितीला दाखवायची, एवढं लिहून कोटेशन परत पाठवलंय. तुमच्याकडे कुणी हे घेत असेल तर सही करण्याआधी शेवटचा प्रवेश मागवून वाचा.