सेकंडहँड ७०-३०० लेन्स, दहा महिने वापरून

गेल्या नोव्हेंबरात ही ७०-३०० मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स ११,००० रुपयांना घेतली. देणारा कोल्हापूरचा, लग्नाचे फोटो काढणारा. "मला ही लागतच नाही" म्हणाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ७०-३०० बहुतेक सगळ्याच काढतात आणि खालचं बरंचसं कुठल्याही ७०-३०० ला लागू पडेल. बॉडी, म्हणजे कॅमेरा, माझी जुनीच, क्रॉप सेन्सरची. आतला सेन्सर लहान, त्यामुळं लेन्स आहे त्यापेक्षा लांबची वाटते. दीडपट धरली तर ३०० चे ४५० होतात.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी. साडेसहाला वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्याला लागायचं, शिवारात फिरायचं, नऊला घरी. त्यामुळं 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर' वगैरे काही नाही. बांधावरची टिटवी, नाल्यातली ढोकरी, कुणाचं तरी कुत्रं, मागं राजहंसगड. रोजचं एवढंच.

लेन्स हातात आली तेव्हा आधी झूमची नळी बाहेर काढून प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघितला. धंद्याची सवय. होता थोडा. असा जॉब माझ्या मशीनवर आला असता तर मी रिजेक्टमध्ये टाकला असता. पण फोटोत त्याचा कधी फरक दिसला नाही. गळ्यात अडकवून चाललं की नळी आपल्या वजनानं खाली घसरते, एवढाच ताप. त्यावर रबर बँड लावलाय.

खरं सांगायचं तर पहिले चार महिने मी या लेन्सला शिव्याच घातल्या. त्यातल्या बहुतेक तिच्या वाट्याच्या नव्हत्या, हे आता कळतंय.

पहिली तक्रार, फोटो हलतात. मसुरीच्या शेतावरच्या तारेवर वेडा राघू बसायचा. उडायचा, हवेत गिरकी घेऊन मधमाशी धरायचा, परत त्याच जागी येऊन तिला तारेवर आपटायचा. नांगी निघेपर्यंत आपटतच राहतो. मी दीडशे फोटो काढले, दीडशेही वाया. शटर होता १/१२५ सेकंद, आणि माझा भरवसा लेन्समधल्या स्टॅबिलायझरवर. स्टॅबिलायझर माझा हात सावरतो, राघूची मान नाही. ४५० ची लेन्स समजून किमान १/५०० हवं, आणि आपटणाऱ्या पक्ष्याला १/१६०० सुद्धा कमीच पडतं. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायला भ्यायचं नाही. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत.

तिथंच शेताचे मालक भेटले. बराच वेळ बघत उभे होते.

"काय काढालाईस रे एवढं?"

"राघू, मामा."

"राघूला काय करतोस! आमच्या बैलाचा काढ की."

काढतो म्हणालो आणि विसरलो.

दुसरी तक्रार मोठी होती. मार्चमध्ये राकसकोपला गेलो. बेळगावचं पिण्याचं पाणी तिथनं येतं, उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि शेकाटे उतरतात. पोचेपर्यंत साडेअकरा झाले. घरी येऊन बघतो तर शेकाट्यांचे लांब गुलाबी पाय नागमोडी, पाण्यात बुडवलेल्या दोरीसारखे. एकही फोटो धारदार नाही. लेन्स फेकून द्यावी असं वाटलं, विकायची जाहिरात लिहूनसुद्धा ठेवली होती. मग एका रविवारी भिंतीवर पेपर चिकटवला, कॅमेरा स्टुलावर ठेवला, पाच मीटरवरून ३०० ला टायमर लावून फोटो काढला. छोट्या जाहिरातींतला अक्षर न् अक्षर स्वच्छ! म्हणजे दोष हवेचा. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा थरथरते, आणि लांबची लेन्स पक्ष्याबरोबर ती थरथरही जवळ आणते. लाखाची लेन्स लावली तरी हेच होणार. तेव्हापासून उन्हाळ्यात नऊनंतर कॅमेरा बॅगेत. जुनी लेन्स विकत घेणाऱ्यांनी ही पेपरची परीक्षा पैसे देण्याआधी करावी. मी उलट्या क्रमानं केली.

रंगांचीही एक गंमत. गल्लीतलं काळं कुत्रं फ्रेमभर घेतलं की राखाडी, धुतल्यासारखं यायचं. आणि काळ्या चिखलात एकटा पांढरा बगळा उभा असला की त्याची पिसंच गायब, नुसता पांढरा डाग. मला वाटायचं, काळ्याचा उपाय एक आणि पांढऱ्याचा दुसरा. दोन्हीकडं उपाय एकच निघाला, एक्स्पोजर मायनसमध्ये, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा काळसर घ्यायचा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या काळ्याला उजळ करायला जातो, मग ते काळं कुत्र्याचं असो की चिखलाचं. कुत्र्याला मायनस एक, बगळ्याला मायनस दीड. पांढरी गाय फ्रेमभर आली तर मात्र प्लस.

आता खरोखर लेन्सच्या वाट्याचं. धुपदाळला जानेवारीत गेलो होतो, मिरजेकडच्या पॅसेंजरनं घटप्रभा स्टेशनला उतरून. बंधाऱ्याच्या पाणपसाऱ्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात. आले होते. पण माझ्या फोटोत ते ओळीनं मांडलेले ठिपके. तिथं ३०० नं काही होत नाही, ५००-६०० लागतं. मी तासाभरानं कॅमेरा ठेवून दिला आणि नुसता बसून राहिलो, तेही वाईट नव्हतं.

दुसरी जागा जंगल. जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेवर झाडी गच्च होते, भर दिवसा अंधार. ३०० ला ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५.६ च्या वर उघडत नाही. रस्त्याकडेच्या फांदीवर शेकरू शेपूट खाली सोडून बसलेलं, चांगलं दोन मिनिटं. लेन्सचा फोकस मागं-पुढं, मागं-पुढं. शेवटी हातानं फोकस केला, आयएसओ ३२०० ला १/८० मिळालं, आणि एकच फोटो बरा आला, त्यातही शेपटीचं टोक कापलेलं. जंगलासाठीच घेणार असाल तर या लेन्सच्या नादाला लागू नका.

आणि फुलपाखरं विसरा. दीड मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. आमच्या मांजरीला हे बरोबर कळतं, कॅमेरा बघितला की ती पायाशीच येऊन बसते.

पावसाळ्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं लेन्स पडून फुटण्यापेक्षा बुरशीनं जास्त मरतात. जूनच्या शेवटी भिजलेली बॅग तशीच कपाटात ठेवली, तीन आठवडे हात लावला नाही. बाहेर काढून मागच्या बाजूनं टॉर्च मारला तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन धागे, एकाला फाटे फुटलेले. दुरुस्तीवाल्यानं १,८०० रुपये घेऊन साफ केली. एक फिकट डाग राहिलाय, कोटिंग खाल्लंय म्हणाला. सूर्य समोर असला तरच तो जाणवतो. दोष शंभर टक्के माझा.

आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता-मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचा. ६० च्या वर बुरशीला रान मोकळं, फार खाली गेला तर आतलं वंगण सुकतं. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की तापवून परत निळे करायचे, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, तो निळा रंग पोटात जाण्यातला नाही. बायकोनं त्यासाठी एक मोडकी कढई मला कायमची देऊन टाकलीय.

बैलाचं राहिलंच. कर्नाटकी बेंदराच्या दिवशी मामांचा वाडा शोधत गेलो. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग. लांबच्या लेन्सनं सगळे ३०० ला पळतात, पण मी ७० ला आणून चार पावलं मागं सरलो. बैल बुजला नाही, मामाही ताठ झाले नाहीत. डोळ्याच्या पापण्यांवर गुलालाचे कण मोजता येतात. बारा बाय अठराची प्रिंट करून नेऊन दिली. मामांनी ती देवांच्या फोटोशेजारी लावली आणि मला म्हणाले, "दुसऱ्याचं राहिलं की रे." दुसरा बैल त्या दिवशी मागं उभा होता, फोटोत त्याचं एक शिंग आलंय.

सध्या बळ्ळारी नाल्याच्या बाभळीवर सुगरणींचं विणकाम चाललंय. विणणारा नर, नाव मात्र सुगरण. भाताच्या पातीची चीर चोचीत धरून येतो, एकदा खालनं ओवतो, एकदा वरनं, आणि घरटं अजून अर्ध्या टोपीएवढंच असताना पंख फडफडवत मादीला बोलावतो. रस्त्यापासून पंधरा फुटांवर आहे. ३०० पुरतं. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, म्हणजे सोमवारपर्यंत जाता येणार नाही.