महिन्यातले दोन शनिवार: कर्करोगाशी झुंजणाऱ्या आयांच्या गटाविषयी

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा माझी मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा सात वर्षांचा होता. जूनची अखेर होती, नागपूरच्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. घरी येणारी प्रत्येक व्यक्ती मायेने धीर देत होती. परंतु आईच्या उशीवर केसांचा पुंजका पाहून मुलगा रडू लागला तर त्याला काय सांगावे, हे कुणालाच सांगता येत नव्हते. रुग्णालयातील समाजसेविकेने दक्षिण नागपुरातील एका गटाचा पत्ता दिला. वर्षभराच्या अनुभवानंतर त्याविषयी लिहीत आहे. येणाऱ्या स्त्रियांच्या खासगीपणासाठी गटाचे नाव जाहीर केले जात नाही, म्हणून मीही ते देत नाही.

महिन्यातून दोन शनिवारी दुपारी दोन तासांची बैठक असते आणि शुल्क काहीही नाही. उपचार पूर्ण केलेल्या तीन स्त्रिया ती चालवतात. मुलांना आणण्याची मुभा आहे, ही माझ्या दृष्टीने फार मोठी सोय आहे, कारण मुलांना कुठे ठेवावे या प्रश्नापायीच अनेकींचे घराबाहेर पडणे बंद होते.

पहिल्याच बैठकीत एका ताईंनी सांगितले की मुलांसमोर ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारावा, तो जवळ आल्याने कुणाला होत नाही आणि तुझ्या कुठल्याही वागण्यामुळे झालेला नाही, हे स्पष्ट सांगावे; आणि पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, तेव्हा त्याची कल्पना आधीच द्यावी. माझे केस तोवर गळू लागले होते, तरी मी त्याच रात्री दोघांशी बोलले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा मामासोबत मारबतीची, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला गेला आणि घसा बसवून परतला. सगळे ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत असताना तो ‘आईचा कॅन्सर घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत होता, असे भावाने सांगितले. हे दुःख मुलाला मोठ्याने बोलता आले, याचे श्रेय मी या गटाला देते.

मदत केवळ बोलण्यापुरती नाही. लाल औषधाच्या केमोनंतर मला मोहरीच्या फोडणीचा वास सहन होत नसे. तेव्हा गटातील एका मैत्रिणीने आठ दिवस मुलांचे डबे आपल्या घरून पाठवले. अदलाबदल होऊ नये म्हणून झाकणांवर नेलपॉलिशने दोघांची नावे लिहिली होती. ती नावे अजून पुसलेली नाहीत. गोंदियाहून येणाऱ्या एका बाईंकडून कळले की उपचारासाठी रेल्वेने प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीच्या भाड्यात 100 टक्के, तर सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. ताप 100.4 अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाला फोन करायचा, हेही तिथे प्रत्येक नव्या बाईला बजावले जाते.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. एका शनिवारी एक पाहुण्या बाई केमोऐवजी घ्यायच्या चूर्णाच्या पुड्या वाटू लागल्या आणि त्यांना थांबवायला संयोजकांनी अर्धा तास घेतला. तो घ्यायला नको होता. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. उपचार संपवलेल्या स्त्रीसाठी टाळ्या वाजत असताना, ज्यांचा आजार शरीरात पसरला आहे आणि ज्यांचे उपचार संपणारच नाहीत, त्या आयांनी काय करावे? अशा एक ताई माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मुलीच्या दहावीपर्यंत आपण असू का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो विचारायला तिथे जागा नव्हती. आम्ही काही जणींनी आग्रह धरल्यावर अशा स्त्रियांसाठी बैठकीपूर्वीचा अर्धा तास राखला गेला. तो वाढवून पूर्ण तास करावा, असे माझे ठाम मत आहे.

रक्तातील पेशी कमी असतील त्या आठवड्यात जाऊ नये. डॉक्टरांना विचारून दिवस ठरवावा. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर आता एक खुर्ची ठेवलेली असते. दम लागला तर तिथे बसावे, वरून कुणीतरी हात द्यायला खाली येते.