नदीवरची बदकं: आठची दुर्बीण, दहाची की स्कोप?

शरदात नदीवर उतरणारी बदकं ओळखायची म्हणून पहिलं साधन घ्यायला निघालात, की तीन सल्ले मिळतात. ८×४२ घ्या (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची दुर्बीण), १०×४२ घ्या, नाहीतर सरळ स्कोपच घ्या, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. सल्ला देणारा कोणत्या काठावर उभा राहतो, एवढंच तो सांगत नाही.

आधी अडचण बघा. पुस्तकातला झगमगीत नर या दिवसांत सहसा भेटत नाही. विणीनंतर नर बदकांची उडायची पिसं एकदम गळतात. तीन-चार आठवडे त्यांना उडताही येत नाही. तेव्हा अंगावर आलेला मातकट वेष बरेच जण स्थलांतरातही वागवतात, आणि भुवई बदकाचा नर तर हिवाळा सरत आला तरी त्यातच असतो. म्हणजे समोर नुसती तपकिरी बदकं, सगळ्या जणू माद्याच. अशा वेळी पंख बोलतो. गडवालचा पाठीलगतचा पांढरा चौकोन, चक्रांगचा हिरवा पट्टा, थापट्याच्या पंखाची निळसर पुढची बाजू. पण पंख उघडणार थवा उठला की, आणि तोही दोन-तीन सेकंद.

त्या दोन-तीन सेकंदांसाठी मी आठची दुर्बीण निवडेन. हजार मीटरवर ती साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, दहाची ११०च्या आसपास. उडता थवा त्या रुंदीतच सापडतो. शिवाय आठच्या दुर्बिणीत हाताचा थरकाप कमी जाणवतो. पहाटेच्या अंधुक उजेडातही तीच बरी, कारण ४२ला ८ने भागलं की ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १०ने भागलं तर ४.२. (वयानुसार बाहुली कमी उघडते, त्यामुळे ज्येष्ठांना हा फरक तितका कळणार नाही.) दहाची दुर्बीण वाईट नाही. पात्र रुंद असेल आणि हात स्थिर असेल, तर खुशाल घ्या.

स्कोपचं गणित वेगळं. पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर बदकं तासन् तास बसत असतील, तर त्याला तोड नाही. गडवालच्या मादीच्या काळपट चोचीला दोन्ही कडांनी नारिंगी रेघ असते. तीनशे मीटरवरून ती हातातल्या दुर्बिणीत दिसणं कठीण, पण पंचवीस-तीस पट मोठं केलं की स्वच्छ दिसते. त्यापुढे साठपर्यंत जायचा मोह आवरा, चित्र काळवंडतं. आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते, मग कितीही महाग काच असली तरी बदक पाण्यात बुडवल्यासारखं हलतं. स्कोप सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशीच खरा कामाचा. ट्रायपॉडवर मात्र काटकसर नको. हलका ट्रायपॉड वाऱ्यात लटपटतो आणि स्कोपचा सगळा फायदा मातीत जातो.

झूम कॅमेरा हा चौथा पर्याय. ओळख नंतर पटवायला उत्तम, शोधायला निरुपयोगी.

तेव्हा अरुंद, झाडीच्या नदीवर आठची घ्या आणि विषय संपवा. रुंद पात्र आणि लांबची वाळू असेल, तरीही आधी आठचीच, स्कोप पुढच्या हंगामात. तोवर काठावर बसून बघा, तुमची बदकं जास्त उडतात की चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात. झोपलेल्या बदकाची चोच स्कोपमधूनही दिसत नाही.