इंडक्टिव्ह की रेझोनन्स: आधी काय बघायचं?

राजारामपुरीतल्या क्लासची बारावीची पोरं असोत की शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी.ची, आम्लता विचारली की या दोन परिणामांपैकी आधी कोणता बघायचा, गल्लत इथंच होते.

इंडक्टिव्ह परिणाम म्हणजे अणूनं इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढणं किंवा ढकलणं. तो सिग्मा (साध्या एकेरी) बंधातून चालतो आणि अंतर वाढलं की झपाट्यानं मावळतो. ब्युटानोइक आम्लाचा पीकेए (जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) 4.8. कार्बोक्झिलच्या (आम्लाच्या COOH गटाच्या) लगतच्या कार्बनवर क्लोरीन बसवा, तो 2.9 च्या आसपास येतो. क्लोरीन एक कार्बन पुढं सरकवा, 4.05, आणखी एक, 4.5. तीन कार्बनांत जोर जवळपास संपला! हे आकडे एकाखाली एक लिहून बघा, व्याख्या पाठ करावी लागत नाही.

रेझोनन्स म्हणजे इलेक्ट्रॉन एका जागी न राहता अनेक अणूंवर पसरणं. त्याला अंतराचं तेवढं वावडं नाही. त्याला संयुग्मन हवं, म्हणजे सहसा एकाआड एक दुहेरी बंधांची सलग रांग. म्हणून जागा महत्त्वाची. फिनॉलचा पीकेए 10. पॅरा जागी (वलयात OH च्या बरोबर समोर) नायट्रो आला की तो 7.15 वर उतरतो, मेटाला (एक कार्बन सोडून पुढच्या जागी) मात्र 8.4 वरच थांबतो. मेटा जवळ असूनही! प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋणभार तिथून नायट्रोच्या ऑक्सिजनपर्यंत पोचतच नाही, उरतो मुख्यतः इंडक्टिव्ह.

मग धरायचं काय? नुसती संपृक्त (फक्त एकेरी बंधांची) साखळी असेल तर इंडक्टिव्ह. संयुग्मन दिसलं तर आधी रेझोनन्स. बहुतेक वेळा तोच भारी पडतो. क्लोरोबेंझीनला मात्र दोन्ही लागतात. क्लोरीन इंडक्टिव्हनं वलयातले इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून अभिक्रिया बेंझीनपेक्षा मंद. रेझोनन्सनं ऑर्थो (लगतच्या) आणि पॅरा जागांना ते देतो, म्हणून नायट्रेशनमध्ये (वलयावर नायट्रो बसवताना) पॅरा सर्वांत जास्त, त्याखालोखाल ऑर्थो आणि मेटा अगदी जेमतेम मिळतं.