ओल्ड गोव्याचं पुरातत्व म्युझियम: नुसती चर्च बघून परत फिरू नका

ओल्ड गोव्याला येणारे बहुतेक लोक बासिलिकात जातात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल बघतात, हिरवळीवर फोटो काढतात आणि गाडीत बसून पुढे. पण त्याच आवारात, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून जो जुना मठ आहे त्यात केंद्राच्या पुरातत्व खात्याचं म्युझियम आहे, १९६४ पासून आहे, आणि तिकडे फार कमी लोक वळतात. मी फोंड्याची, पणजीला जाता येता आमची बस ह्याच गावातून जाते, त्यामुळे मला ह्याचं जरा जास्तच वाईट वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकते. गोव्याचा इतिहास १५१० ला, म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा, सुरू होत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर ह्याच्यासारखी जागा नाही, आणि तेही पोर्तुगीजांनीच बांधलेल्या मठात.

यावेळी कोल्हापूरची मावसबहीण, तिचे मिस्टर आणि भाची असे सगळे सोबत होते. आत गेल्यावर आधी दिसतो तो आफोंसो द आल्बुकेर्कचा ब्राँझचा भलामोठा पुतळा. हा पूर्वी पणजीत होता. २५ नोव्हेंबर १५१० ला ह्यानेच विजापूरच्या आदिलशाहीकडून हे शहर जिंकून घेतलं, आणि पुढची साडेचारशे वर्षं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पुतळा बघा, पण सगळा वेळ तिथेच घालवू नका, दगडांकडे चला.

दगड म्हणजे खालच्या मजल्यावरची शिल्पं, वीरगळ, सतीशिळा, शिलालेख. विष्णूची एक सुंदर मूर्ती आहे, तिच्या प्रभावळीवर दशावतार कोरलेत. लांबून नुसती नक्षी वाटते, जवळ गेल्यावर एकेक अवतार वेगळा ओळखू यायला लागतो. भाचीने मत्स्य शोधला, कूर्म शोधला, नरसिंहावर बराच वेळ अडली. सूर्याची मूर्ती पण आहे. ज्यांचे देव कुठ्ठाळीहून मंगेशीला आले, केळोशीहून कवळ्याला आले, त्या आमच्यासारख्या घरांतल्या माणसाला ह्या मूर्तींसमोर उभं राहिल्यावर आत काहीतरी होतं हे मी लपवणार नाही. पोर्तुगीजांच्या काळात नदीच्या अलीकडची देवळं गेली, देव पालखीतून पलीकडे नेले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या काळाच्याही आधीचा, इथल्याच कारागिराच्या हातचा दगड समोर बघणं वेगळं.

आता वीरगळ. ह्यासाठी मी कोणालाही परत परत तिथे घेऊन जाईन. पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातले हे दगड, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे. भाचीला म्हटलं, हे कॉमिकसारखं आहे, फक्त खालून वर वाचायचं. सगळ्यात खाली लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन जातायत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून. वर कोपऱ्यात चंद्रसूर्य असले तर अर्थ असा की ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहणार. हे एकदा कळलं की मग कुठलाही वीरगळ तुमचा तुम्ही वाचू शकता, आणि भाचीने ते लगेच सुरूही केलं, "मावशी हा बघ, हा पडला, हा वर गेला."

पण इथला खास दगड जहाजाचा. खालच्या पट्टीत घोडे नाहीत, समुद्र आहे. दोन्ही टोकं वर उचललेलं जहाज, बाजूने ओळीत वल्ही, आणि वर शस्त्रं घेतलेली माणसं. समुद्रावरच्या लढाईत मेलेल्या कोणाचा तरी हा दगड. असे जहाजवाले वीरगळ फार थोडे आहेत, मुंबईत बोरिवलीला एकसरला आहेत ते प्रसिद्ध आहेत, आणि गोव्यातल्या दगडांवर जहाजांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी काम केलंय, कारण त्या काळातलं आपल्या किनाऱ्यावरचं जहाज कसं दिसायचं ह्याचा हा हातात धरण्यासारखा पुरावा आहे. कदंबांची राजधानी आधी चंद्रपूर म्हणजे आजचं चांदर, मग गोपकपट्टण म्हणजे आजचं गोवा वेल्हा, दोन्ही नदीकाठची, दर्यावरच्या व्यापारावर जगणारी. आपण गोव्यातले लोक रोज सरकारी कदंबा बसमध्ये चढतो, बसस्टँडला कदंबा म्हणतो, पण ते कदंब म्हणजे कोण हे विचारलं तर शाळेतली पोरं गप्प होतात. ह्या एका दगडासमोर पाच मिनिटं उभं केलं तर परत विचारावं लागणार नाही.

सतीशिळांजवळ, म्हणजे सती गेलेल्या बायकांच्या आठवणीच्या दगडांजवळ, मात्र बहीण एकदम शांत झाली. कोपरात वाकवलेला उभा हात, त्यात बांगड्या, बस्स. मी काही समजावत बसले नाही.

शिलालेखांत कन्नड आहे, फारसी आहे, पोर्तुगीज आहे. एवढ्याशा गोव्यात किती राज्यं येऊन गेली ते लिपीवरूनच कळतं. वाचता आले नाहीत तरी अक्षरांचं वळण बघत फिरा.

मग जिना चढून वर. वरचं दालन हे म्युझियमचं सगळ्यात नावाजलेलं, पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाईसरॉयांची साठेक पोर्ट्रेट. ह्याची सुरुवात केली तेव्हाचा गव्हर्नर दों जुआंव द कास्त्रोने, १५४७ मध्ये. आपल्या आधीच्या सगळ्यांची चित्रं काढून घ्यायची असं त्याने ठरवलं. गास्पार कोरैय्या नावाचा इतिहास लिहिणारा माणूस तेव्हा इथेच होता, त्यातल्या बऱ्याच जणांना त्याने प्रत्यक्ष बघितलं होतं, त्याच्या देखरेखीखाली एका इथल्याच चित्रकाराने ती लाकडी फळ्यांवर रंगवली. त्या चित्रकाराचं नाव कुठे नाही. पुढे प्रत्येक नवीन माणसाचं चित्र लावायची रीतच पडली. आधी ती व्हाईसरॉयच्या राजवाड्यात होती, मग पणजीला गेली, आणि पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये परत इकडे आली. मधल्या काळात त्यांच्यावर परत परत रंग चढवले गेलेत, म्हणून आज जे चेहरे दिसतात ते सगळे १५४७ च्या हाताचे समजू नका.

तरी मला हे दालन आवडतं, ते चेहऱ्यांपेक्षा कपड्यांमुळे. सुरुवातीचे लोक चिलखत घातलेले, हातात तलवार, पुढे पुढे कोट, मग पदकं, पट्टे. शतकं बदलतात ती कापडातून दिसतात. भाओजी शिलाईच्या धंद्यातले, ते तर कॉलर आणि बटणं बघत इतके रमले की आम्हाला त्यांना हाका मारून खाली आणावं लागलं. वास्को द गामाला इथे जरूर शोधा. तो १५२४ मध्ये व्हाईसरॉय होऊन परत आला आणि त्याच वर्षी कोचीनला वारला, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

नाणी आणि टपाल तिकिटं पण आहेत. ज्यांना आवड आहे ते तास घालवतील, मी भराभर बघून पुढे गेले. कामोंयश ह्या पोर्तुगीज महाकवीचा पुतळा मात्र चुकवू नका, हा कवी १५५३ मध्ये खुद्द गोव्यात येऊन राहिला होता. पुतळा आधी बाहेर मैदानात होता, नंतर आत आणला.

एक सांगायचंच आहे. आमच्या नात्यातले लोक मागे एका टूरवाल्याच्या बसने आले होते, त्याने ओल्ड गोव्याला अर्धा तास दिला, अर्ध्या तासात दोन चर्च आणि पाण्याची बाटली, म्युझियमचं नावसुद्धा घेतलं नाही. त्या काकी बिचाऱ्या घरी येऊन म्हणतात, "तिथे काय, चर्चच आहेत सगळी." टूरने येत असाल तर आधीच विचारून घ्या किती वेळ थांबणार, आणि जमलं तर सरळ पणजी फोंडा बसने स्वतः या, दहाएक किलोमीटर आहे, गांधी सर्कलला उतरलं की चालत पाच मिनिटं. म्युझियम शुक्रवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. दीड दोन तास हातात ठेवा, तिकीट अगदी नाममात्र आहे.

वेळ उरला तर तिथूनच चढावर सांता मोनिकाच्या कॉन्व्हेंटमधलं ख्रिश्चन आर्टचं म्युझियम पण करा, ते वेगळं, खासगी, २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन परत उघडलंय. हस्तिदंती मूर्ती, चांदीकाम, लाकूडकाम, आणि त्यातलं कितीतरी काम हिंदू कारागिरांच्या हातचं. पण क्रम असाच ठेवा, आधी दगड, मग हे. नक्षीतली वेलबुट्टी, फुलं बघताना खालच्या मजल्यावरचं कोरीवकाम डोळ्यात ताजं असलं पाहिजे. लहान मुलं सोबत असतील तर एक वही आणि पेन्सिल देऊन ठेवा, आमच्या भाचीने जहाजाचा वीरगळ काढलाय आणि वल्ही एक एक मोजून काढलीत.