हीट पंप गिझर, देवगडच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे वापरून

आमचं देवगडला चार खोल्यांचं होमस्टे आहे. आधी न्हाणीघरात बंब होता, सोडणं-झावळ्या घालायच्या आणि धुराने डोळे चोळत बसायचं, मग साधे गिझर लावले तर बिल बघूनच डोळ्यात पाणी, धूर लागेना. म्हणून २०० लिटरचा हीट पंप घेतला, म्हणजे हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणारा गिझर.

विकणारा म्हणालेला, दादा आता उकाडा वाढतोय ना, तेवढी फुकट एनर्जी! अर्धंच खरं. नुसत्या उकाड्यातून वीज निघत नाही, त्याला गरम-थंड असा फरक लागतो. लक्षद्वीपला कवरत्तीत २००५ पासून समुद्राचं वरचं कोमट पाणी आणि साडेतीनशे मीटर खालचं थंड पाणी यातल्या फरकावर गोडं पाणी करतात, रोज १ लाख लिटरचा प्लांट आहे, पण तिथे किनाऱ्यालगतच खोल आहे, आपल्याकडे तेवढं खोल गाठायला ट्रॉलर काढून कित्येक तास जावं लागेल.

आमचा पंप मात्र वीज खाऊनच चालतो, तो म्हणजे उलटा फ्रिज. हवेतली उष्णता ओढून टाकीत ढकलतो, वीज लागते ती ढकलायला. टाकीभर पाणी २७ वरून ५५ डिग्रीला न्यायचं तर साध्या गिझरला साडेसहा युनिट लागतात, याला मीटर बघितला तर दोन-सव्वादोन. मे महिन्यात सगळ्यात भारी चालतो, पण तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी चटका देतं, गरम पाणी मागतो कोण 😂 खरा उपयोग पावसात, शेजारचे सोलरवाले तेव्हा गॅसवर पातेली चढवतात. मागून गार हवा येते आणि नळीतून पाणी ठिबकतं, आईने त्याखाली बादली ठेवलीय, ते अबोलीला घालते.

आता रडगाणं. खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच वर्षी मागच्या जाळीवर पांढरी बुरशी आल्यासारखं झालं, पत्रे बोट लावलं की भुगा. कंपनी म्हणते किनाऱ्यासाठी वेगळं कोटिंग होतं, एक्स्ट्रा पैसे होते. मग विकताना समुद्र दिसला नाही का तुम्हाला? घेणार असाल तर कोटिंगचं बिलावर लिहून घ्या आणि स्टॅबिलायझर लावाच, जूनमध्ये लाईटच्या लपंडावात आमचा बोर्ड जळला, माणूस कोल्हापूरहून यायला नऊ दिवस, आणि घरात पुण्याचे आठ पाहुणे. बाबा काही बोलले नाहीत, मागच्या पडवीतून बंब बाहेर काढला आणि चिंचेने घासायला बसले.

पाचात साडेतीन स्टार.